खोगीर घेताना आधी घोड्याची पाठ बघा

नमस्कार मंडळी. इकडे बॉइसीच्या आसपास आपल्या बऱ्याच घरांतली मुलंमुली आता रायडिंग शिकतायत, आणि थोडे दिवस लेसन झाले की घरात विषय निघतोच, स्वतःचं सॅडल घेऊया का, कुठलं घ्यायचं, किती पैसे घालायचे. म्हणून आज मी त्याच्यावरच बोलणारे. लोक यात पैसे भलत्याच जागी घालतात आणि त्रास होतो घोड्याला, बिचारं मुकं जनावर, ते सांगणार कोणाला. माझं म्हणणं एवढंच आहे की वेस्टर्न सॅडल हे गुरं राखायच्या कामाचं अवजार आहे, त्याचा एकेक भाग कुठल्या ना कुठल्या कामापोटी आलाय, तेव्हा घेताना काम कुठलं आणि पाठ कोणाची हे आधी बघा, रंग, नक्षी, चांदीची फुलं हे सगळं नंतर.

थोडं मागे जाऊया. 1519 साली कोर्तेझ मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर 16 घोडे होते. स्पॅनिश लोकांचं खोगीर लढाईचं, पुढून मागून उंच, स्वार घट्ट बसलेला राहावा असं. पुढे मेक्सिकोत गुरांचे मोठाले कळप झाले, ते राखणारे वाकेरो आले, आणि उघड्या माळावर बैल धरायचा तर दोर टाकून धरायचा, मग त्या दोराचं दुसरं टोक अडकवायला खोगिराच्या पुढे खुंटी आली. तेच हॉर्न. धरून बसायला ते दिलेलं नाहीये, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगा, कारण हॉर्नला लटकलं की अंग पुढे जातं आणि तोल उलट जास्त जातो.

मग तिथून दोन घराणी झाली असं म्हणा हवं तर. टेक्ससमधे झाडझुडूप फार, तिथे दोर आखूड आणि तो हॉर्नला पक्का बांधून ठेवलेला, म्हणजे बैल दोरात आला की सगळा झटका सॅडलवर. त्या झटक्याने सॅडलची मागची बाजू वर उचलली जाते, म्हणून मागे दुसरा पट्टा आला. कॅलिफोर्नियात मात्र कच्च्या चामड्याची वेणी घालून केलेला दोर, साठ फूट किंवा त्याहून लांब, तो एकदम झटका बसला तर तुटतो, म्हणून तिथले वाकेरो तो बांधायचे नाहीत, हॉर्नला दोन वेढे मारायचे आणि हळूहळू सरकू द्यायचे, त्यामुळे तिकडे हॉर्न जाड आणि पट्टा मधोमध एकच. (हे वेढे मारताना दोर आणि हॉर्नच्या मधे अंगठा सापडून तो गमावलेले लोक या भागात अजून भेटतात, त्यामुळे हौस म्हणून कोणी करायला जाऊ नका.) आपण राहतो तो दक्षिण आयडाहो, खाली नेवाडा, बाजूला पूर्व ओरेगन, हा सगळा बकारूंचा, म्हणजे इथल्या गुराख्यांचा मुलूख, आणि इथे कॅलिफोर्नियाचं घराणं अजून जिवंत आहे. नेवाडातल्या एल्कोला कधी गेलात तर आवर्जून थांबा, तिथल्या जी. एस. गार्सियाच्या सॅडलला 1904 च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं होतं, आणि त्या गावात आजही हाताने सॅडल करणारे लोक आहेत.

आता मुद्द्याचं. सॅडलच्या आत एक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. पारंपरिक ट्री लाकडाचा, वरून ओलं कच्चं चामडं ताणून शिवलेलं, ते वाळलं की आवळून बसतं आणि लाकूड कितीही ताण आला तरी हलत नाही. या ट्रीला खाली दोन लांब पट्ट्या असतात, बार्स, पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, आणि तुमचं सगळं वजन घोड्यावर जातं ते याच दोन बार्समधून. म्हणजे बार्सचा कोन आणि बाक घोड्याच्या पाठीशी जुळला तर वजन पसरतं, नाही जुळला तर चार ठिकाणी टोचतं. सॅडलमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आणि दुकानात ती दिसतच नाही, वर चामडं चढवलेलं असतं ना. विक्रेता सांगेल क्वार्टर हॉर्स बार्स आहेत (क्वार्टर हॉर्स ही घोड्याची जात, तिच्या पाठीच्या मापाचे बार्स, त्यात अरुंद ते सेमी आणि रुंद ते फुल), बहुतेक घोड्यांना बसतं. त्यावर जाऊ नका, ही मापं प्रत्येक मेकरची वेगळी असतात, एकाचं सेमी ते दुसऱ्याचं फुल.

मग करायचं काय, तर सॅडल ट्रायलवर घ्या आणि पॅड न घालता नुसतंच घोड्याच्या पाठीवर ठेवा. थोडं पुढे ठेवायचं आणि मागे सरकवत आणायचं, खांद्याच्या हाडामागे ते आपोआप एका जागी बसतं, तीच त्याची जागा. तिथे पुढच्या बाजूने बार्सच्या खाली सपाट हात घाला आणि वरून खाली फिरवा. सगळीकडे सारखा दाब लागला पाहिजे. वर आवळ आणि खाली मोकळं, किंवा उलटं, असं असेल तर कोन चुकलाय. मग हात तसाच मागे न्या, मधे पोकळी लागली आणि पुढे मागे टेकलेलं असेल तर सॅडल पुलासारखं बसलंय, वजन चारच ठिकाणी पडणार. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, विदर्स म्हणतात त्याला, त्याच्यावर दोन तीन बोटं जागा हवीच, तुम्ही वर बसल्यावरसुद्धा. आणि बार्सनी शेवटच्या बरगडीच्या मागे वजन टाकता कामा नये, तिथे पाठीला आधार नाही. आखूड पाठीच्या अरेबियन घोड्यांना ही अडचण फार येते.

खरा पुरावा मिळतो राइड करून आल्यावर. चांगला घाम येईपर्यंत फिरवा, सॅडल काढा आणि पाठ बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा, मधे कण्यावर कोरडं, हे उत्तम. पण ओल्या भागाच्या मधेच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर थांबा, तिथे दाब इतका आहे की घामसुद्धा येत नाहीये. असंच वर्षभर चाललं की त्या जागी पांढरे केस उगवतात. इकडच्या घोड्यांच्या विदर्सजवळ ते पांढरे ठिपके तुम्ही पाहिले असतील, मला ते बघवत नाहीत, कारण आधीच्या कोणीतरी केलेला अन्याय आहे तो आणि तो पुसता येत नाही.

आणि हे जाड पॅड घालून सुधारत नाही बरं का. आवळ बुटात अजून एक मोजा घातल्यासारखं होतं ते, आणखीच आवळतं. पॅड घ्यावा तो शंभर टक्के लोकरीच्या फेल्टचा, पाऊण ते एक इंच, घाम पितो आणि घसरत नाही. वर हवं तर ब्लँकेट घाला, नवाहो विणकरांची हातमागावरची सॅडल ब्लँकेटं जुनी आणि अतिशय सुंदर परंपरा आहे, परवडलं तर जरूर घ्या. पॅड ठेवल्यावर मधली घडी बोटाने वर सॅडलच्या पोकळीत ओढून घ्यायची, नाहीतर तो उंचवट्यावर ताणून बसतो. हे एक सेकंदाचं काम आहे आणि निम्मे लोक करत नाहीत.

वजनाचं पण सांगते. रोपिंगचं पक्कं सॅडल 18 ते 20 किलो भरतं, ट्रेलचं हलकं 11 ते 13. स्वार आणि सामान धरून घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्के ही मर्यादा इकडे मानतात, म्हणजे 450 किलोच्या घोड्यावर 90 किलो. त्यातले 20 सॅडलनेच खाल्ले तर उरले किती बघा. तुम्ही बैल धरणार नसाल तर रोपिंग सॅडल कशाला उचलायचं! बसण्याचं माप वेस्टर्नला इंचात, हॉर्नच्या बुडापासून मागच्या काठापर्यंत, मोठ्यांना 15–16, लहान मुलांना 12–13. माथेरानला किंवा क्लबमधे इंग्लिश सॅडलवर बसलेल्यांनी लक्षात ठेवा, तिकडचं 17 म्हणजे इकडचं साधारण 15.

आता कसणं. पुढचा तंग, इथे सिंच म्हणतात, मोहेरच्या, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांच्या दोऱ्यांचा घ्या, श्वास घेतो आणि कातडीला चिमटे काढत नाही. एकदम कसू नका. थोडा कसा, घोड्याला चार पावलं चालवा, परत कसा, चढायच्या आधी तिसऱ्यांदा बघा. जो घोडा सिंच दिसल्यावर कान मागे टाकतो त्याला बहुतेक कोणीतरी एका दमात आवळलेलं असतं. मागचा पट्टा असेल तर तो पोटाला जेमतेम टेकलेला हवा, इतका लोंबता नको की मागचा पाय अडकेल. आणि दोन्ही पट्ट्यांना जोडणारी छोटी पट्टी असते ती लावलीच पाहिजे, नाहीतर मागचा पट्टा सरकून जांघेकडे जातो आणि शांतातला शांत घोडासुद्धा उधळतो. क्रम पाठ करा: घालताना पुढचा सिंच पहिला, मग मागचा, मग छातीचा पट्टा, आणि काढताना बरोबर उलटं, पुढचा सिंच सगळ्यात शेवटी. घोडा मधेच बिचकला आणि सॅडल नुसत्या मागच्या पट्ट्यावर लटकून पोटाखाली गेलं तर काय होतं ते मी बघितलंय, मुलांसमोर वर्णन करत नाही.

रिकिबी बुटापेक्षा इंचभर रुंद हव्यात, आणि टाच असलेलाच बूट, म्हणजे पाय आरपार जाणार नाही. स्नीकर घालून कोणालाही बसू देऊ नका, अगदी दहा मिनिटांसाठी पण नाही. नव्या सॅडलच्या रिकिबी घोड्याच्या अंगाला चिकटून उभ्या राहतात आणि गुडघे दुखतात, त्यावर इथला साधा उपाय असा की चामडं थोडं ओलं करून रिकिबी बाहेर वळवायच्या आणि दोन्हींतून झाडूचा दांडा घालून रात्रभर तसंच ठेवायचं.

तोंडातलं सामान, म्हणजे बिट, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे पण एक गैरसमज काढते. मधे सांधा असला की तो स्नॅफल आणि म्हणून सौम्य, असं दुकानातसुद्धा सांगतात. चूक आहे. स्नॅफल म्हणजे ज्याला तरफ नाही, तुम्ही जेवढं ओढाल तेवढंच तोंडाला पोचतं. खाली लांब दांड्या आल्या की तो कर्ब, मग मधे सांधा असो वा नसो, तुमच्या हाताचा जोर तिथे काही पटीने वाढून पोचतो. टॉम थंब नावाचं बिट नवशिक्यांच्या गळ्यात मारतात ते या दुसऱ्या जातीतलं आहे, वर ढिलं आणि चिमटणारं, मला विचाराल तर घरात आणूच नका. शिकणाऱ्या हाताला साधा गुळगुळीत स्नॅफल, कपाळपट्टी आणि गळ्याखालचा पट्टा असलेल्या हेडस्टॉलवर, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या डोक्यावरच्या पट्ट्यांवर. एका कानात अडकवायचा हेडस्टॉल स्नॅफलबरोबर निघून येतो. कर्ब वापरणार असाल तर हनुवटीखालच्या साखळीत दोन बोटं जायला हवीत.

घोडा तयार करायची बकारूंची जुनी पद्धत बघाल तर घाई किती कमी आहे कळतं. घोड्याच्या तोंडात सुरुवातीला काही घालतच नाहीत किंवा स्नॅफल घालतात, मग बोसाल, कच्च्या चामड्याची वेणी घातलेलं नाकावरचं कडं, सुरुवातीला सोळा मिलिमीटर जाडीचं, पुढे घोडा हलका होत जाईल तसं बारीक. मग बारीक बोसाल आणि बिट दोन्ही एकत्र, दोन दोन लगाम, आणि काही वर्षांनी नुसतं बिट, तेही एका हाताच्या दोन बोटांत. बोसाल घेताना वाकवून बघा, आत कच्च्या चामड्याचाच गाभा हवा, स्टीलची केबल असेल तर तो घोड्याच्या नाकाचा आकार घेत नाही. बसवायचा तो नाकाच्या हाडावर, खालच्या मऊ भागावर नाही, आणि ओढून धरायचा नाही कधी, इशारा द्यायचा आणि सोडायचा.

नवीन की जुनं? हाताने केलेलं कस्टम सॅडल कित्येक हजार डॉलर आणि महिनोन्‌महिने वाट. दुसऱ्या टोकाला ऑनलाइन दोन तीनशे डॉलरवाली, त्यातली पुष्कळ आपल्याच देशात बनतात. कानपूरला हा धंदा इंग्रजांच्या काळापासून आहे, तिथल्या सॅडलरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण आहे, कारागीर हुशार आहेत, पण त्या किमतीत पक्का ट्री आणि चांगलं चामडं घालणं कोणालाच शक्य नाही. त्यापेक्षा नामवंत मेकरचं पंचवीस वर्षं जुनं घ्या. फक्त ट्री तपासा: सॅडल मांडीवर आडवं धरा, एक हात हॉर्नवर, एक मागच्या काठावर, आणि दोन्ही जवळ आणायला जोर लावा. बसायची जागा मधे घडी पडल्यासारखी वाकली किंवा आतून करकर आली तर ट्री तुटलाय, वरून कितीही छान दिसू दे, परत ठेवून द्या. मग उलटं करून बघा, खालची मेंढीची लोकर दोन्ही बाजूंना सारखी झिजलीय का. एकीकडे जास्त झिजलेली म्हणजे सॅडल वाकडं आहे किंवा स्वार वाकडा बसत होता.

निगा फार अवघड नाही. हे झाडाच्या सालीवर कमावलेलं चामडं असतं, पाच सहा मिलिमीटर जाड, नीट ठेवलं तर नातवंडं वापरतील. घाम त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसा, अधूनमधून सॅडल सोप, आणि नीट्सफूट ऑइल, म्हणजे गुरांच्या पायांपासून काढलेलं तेल, अगदी पातळ हाताने, कारण जास्त तेलाने ते लोळागोळा होतं. उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नका. आणि दर राइडच्या आधी लॅटिगो, म्हणजे सिंच बांधायचा तो डावीकडचा लांब पट्टा, जिथे कडीवर रोज घडी पडते तिथे वाकवून बघा, उजवीकडचा छोटा पट्टा पण, तो कोणी कधी बघत नाही. तडा दिसला तर बदलून टाका, वीस तीस डॉलरचं काम आहे आणि तुमचं पोर त्याच्याच भरवशावर वर बसलेलं असतं.

बाहेर कुंपणावर मी तीन सॅडल मांडून ठेवलीयेत, त्यातल्या एकाचा ट्री तुटलेला आहे. कुठल्याचा ते मी सांगणार नाही, मुलांना घेऊन या आणि त्यांनाच शोधू दे.