स्कार्फखालचा चेहरा

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो. यावल, रावेरहून जळगावला निघालेल्या मुली फक्त डोळे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात. ऊन अडतं, पण घामाने ओलं झालेलं कापड गालांना आणि हनुवटीला घासत राहिलं की नेमके तिथेच मुरूम वाढतात. स्कार्फ सुती हवा, सैल हवा आणि रोज धुतलेला हवा.

मुरूम अस्वच्छतेमुळे येत नाहीत. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेत तेल जास्त सुटतं, मृत पेशींनी रंध्रं बुजतात, आत जंतू वाढतात, सूज येते. वरून साबण कितीही घासला तरी हे थांबत नाही, कातडी मात्र चिडते. लिंबू आणि टूथपेस्टचंही तेच.

सकाळी सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन. एवढं पुरे. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असं आई विचारते. मुरुमांच्या औषधांनी कातडी कोरडी पडते, म्हणून.

रात्रीचं औषध डॉक्टरांना विचारूनच. बऱ्याचदा अ‍ॅडापॅलिन जेल मिळतं. वाटाण्याएवढं घ्यायचं आणि पुटकुळीवर नाही, साऱ्या चेहऱ्याला पातळ लावायचं. सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे कातडी सोलवटते, मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. कितीतरी जणी इथेच ट्यूब टाकून देतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. गरोदरपणात मात्र हे औषध नको.

लग्नसराईत मेडिकलवरून आणलेली, चार दिवसांत चेहरा उजळवणारी ट्यूब हातात आली, तर आधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावं आहेत. मैत्रिणीने दिली असली तरी लावू नका, ही कळकळीची विनंती. सुरुवातीला चेहरा खरंच नितळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, लव वाढते आणि ट्यूब थांबवली की मुरूम उसळून येतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती हातोहात फिरतात. महिनोन्‌महिने लावत असाल, तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, तर घरी वाट पाहू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी विचारा, आणि आजवर चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब सोबत न्या.