कुर्डुवाडीची तूट

श्रोतेहो, नमस्कार. सोलापूर आणि लातूर भागातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'बार्शी लाइट' या नावाने आजही असलेल्या छोट्या रेल्वेविषयी आज मी बोलणार आहे.

बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ होती, परंतु मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग तिला दूर ठेवून कुर्डुवाडीवरून गेला. त्या स्थानकाला नाव मात्र 'बार्शी रोड' असे दिले गेले. गाव दहा कोसांवर ठेवून स्थानकाला गावाचे नाव देण्याची ही रेल्वेची जुनी खोड मला कधीच रुचलेली नाही, कारण नावाला भुलून उतरलेल्या पाहुण्याला पुढे बैलगाडीच शोधावी लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये कंपनी काढून 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू केली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते, आणि डब्याचे वजन चाकांच्या सर्व आसांवर सारखे वाटून हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने दाखवून दिले. गाडी 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये तेव्हाच्या निजामाच्या मुलखातील लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. बार्शीच्या कापडगिरण्या आणि लातूरचा डाळीचा व तेलाचा धंदा या गाडीच्या आधाराने वाढला.

आता अडचण ऐका. छोट्या गाडीचे रूळ अडीच फुटी, मोठ्या गाडीचे साडेपाच फुटी. त्यामुळे लातूरहून मुंबईकडे जाणारे प्रत्येक पोते कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, उतरून मोठ्या वाघिणीत चढत असे.

माझे आजोबा लातूरच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. डाळीचे पोते येथून काट्यावर तोलून जाई आणि मुंबईहून पत्र येई की पोत्यामागे इतकी डाळ कमी भरली. शेटजींचा संशय हमालांवर होता. त्यांनी आजोबांना सांगितले, "दिवाणजी, एकदा स्वतः जा आणि चोर धरून आणा." आजोबांनी प्रत्येक पोत्याचे तोंड तांबड्या सुतळीने, आपल्या खास गाठीने शिवून घेतले आणि मालाबरोबर कुर्डुवाडी गाठली. रात्रभर ते मालधक्क्यावर कंदिलाजवळ बसून राहिले. हमाल येत, पोत्याला लोखंडी हुक मारत, पाठीवर घेत आणि पलीकडे टाकत. एकही गाठ सुटली नाही, एकही पोते गहाळ झाले नाही. उजाडल्यावर पाहतात तो धक्क्यावर डाळीची पिवळी रांगोळी पडलेली, तिच्यावर चिमण्यांची झुंबड आणि मागून केरसुणी व सूप घेऊन आलेल्या दोन म्हाताऱ्या बाया. गोणपाटाला पडलेल्या हुकाच्या भोकांतून डाळ गळत होती, कारण लातूरला एकदा, कुर्डुवाडीला एकदा आणि मुंबईला एकदा अशी तीन वेळा ती पोती टोचली जात. चोर कोणीच नव्हता. आजोबांनी त्या बायांना हटकले तेव्हा त्यांतील एक म्हणाली, "दादा, सांडलेलं उचलतो, शिवलेलं उसवत नाही." आजोबा हात हलवत परतले आणि त्यांनी खतावणीत 'कुर्डुवाडीची तूट' असे कायमचे खाते उघडले. शेटजींनी पहिल्या वर्षी कुरकुर केली आणि पुढे तूट धरूनच भाव सांगू लागले. (हल्लीच्या प्लास्टिकच्या पोत्यांतून गळत नाही हे खरे, पण त्यांत डाळ कोंदटते, असे माझे स्पष्ट मत आहे.)

सरकारने 1954 साली ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. रूळ रुंद होण्यास मात्र पुढे अर्धे शतक लागले. लातूर ते कुर्डुवाडी मार्ग 2008 पर्यंत आणि मिरजेकडील टप्पा 2010 च्या सुमारास मोठा झाला. रूळ रुंद झाले म्हणजे कुर्डुवाडीचे उतरणे-चढणे थांबले, एवढे ध्यानात ठेवावे.

याचा अर्थ लातूरकरांना 2016 च्या दुष्काळात कळला. नळ कोरडे पडले होते आणि मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचा तोच जुना, पंढरपूर आणि कुर्डुवाडीवरून जाणारा मार्ग. 12 एप्रिलच्या पहाटे पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आले. डाळीचे पोते हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जात असे, पाणी कसे गेले असते? त्या रात्री कुर्डुवाडीच्या धक्क्यावर काहीच उतरवावे लागले नाही, आणि सांडलेही नाही.