चेन नाही, बटण नाही: एका पट्टीत कुशनचा अभ्रा आणि तळ असलेली पिशवी

नमस्कार! आज दोन वस्तू शिवायच्या आहेत. एक, कुशनचा अभ्रा, तोही एकाच सलग पट्टीतून; पट्टीची दोन टोकं मागे एकमेकांवर येतात आणि त्यांच्यामधूनच कुशन आत जातं. दुसरी, खाली सपाट तळ असलेली पिशवी. वेळ उरला तर शेवटी गरम भांडं धरायचं पॅडही पाहू.

यात गोलाई नाही, चुण्या नाहीत, सगळ्या टिपा सरळ. तरीही पहिला अभ्रा बऱ्याच जणांचा वाकडा होतो किंवा दोन धुण्यांत आखडतो. त्यात मशीनचा दोष क्वचितच असतो. कापड न धुता कापलेलं असतं, माप फुगीर घेतलेलं असतं किंवा इस्त्रीचा कंटाळा केलेला असतो. म्हणून आज मशीनवर बसायच्या आधीचं काम जरा सावकाश दाखवणार आहे.

[टेबल वरून. कुशन, टेप, खडू.]

आधी माप. कुशन सपाट ठेवा आणि एका बाजूच्या शिलाईपासून समोरच्या शिलाईपर्यंत मोजा. टेप वरच्या फुगीर भागावरून नेलात तर माप इंच-दीड इंच जास्त येतं आणि अभ्रा ढगळ होतो. हे कुशन १६ इंची आहे. अभ्रा मात्र आपण तयार १५ इंची करणार. कापसाचं किंवा फायबरचं कुशन थोडं दाबून आत बसलं की अभ्रा ताठ दिसतो आणि कोपरे भरतात. आत कडक फोम असेल तर तो दाबला जात नाही, तिथे हा एक इंच कमी करू नका.

आता पट्टीचा हिशेब. उंची १६ इंच: तयार १५, अधिक वर-खाली अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईच्या पलीकडे सोडायचं कापड. लांबी ३७ इंच. पुढची बाजू १५, मागची बाजू १५, मागे एकावर एक येणारा भाग ४ आणि दोन्ही टोकांच्या दुमडीसाठी दीड-दीड इंच. १५ आणि १५ तीस, चार चौतीस, तीन सदतीस.

इथे एक गंमत आहे. उंचीत माया धरली, रुंदीत धरली नाही. कारण डाव्या-उजव्या बाजूला शिलाईच नाही, तिथे कापडाची घडी आहे. हे लक्षात न घेता सगळीकडे १६ धरलं की अभ्रा १६ बाय १५ होतो आणि कुशनवर चढवल्यावर कडेला सैल पडतो.

कुशन १८ इंची असेल तर पट्टी १८ बाय ४१. १२ इंची असेल तर १२ बाय २९. २० इंचीला लांबी ४५ येते, ती ४४ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, बसत नाही. शिवाय एवढ्या मोठ्या कुशनला मागचा ४ इंचाचा भागही अपुरा पडतो, तोंड उघडून कुशन डोकावतं. तिथे पुढचा एक आणि मागचे दोन असे तीन तुकडे कापणंच बरं.

कापड कोणतं? पहिल्यांदा शिवत असाल तर मध्यम जाडीचं साधं सुती. सॅटिन, जॉर्जेट, ताणलं जाणारं होजिअरी, यांच्या नादी लागू नका. ते मशीनच्या फुटाखाली (कापड दाबून धरणाऱ्या भागाखाली) सरकतं आणि आपल्याला वाटतं की हात वळत नाही. ४४ इंच पन्ह्याचं अर्धा मीटर कापड एका अभ्र्याला पुरतं. पट्टी पन्ह्याच्या दिशेने, म्हणजे आडवी काढायची. यात कापड वाचतं हे झालंच, पण छपाई साधारणपणे कापडाच्या लांबीच्या दिशेने उभी असते. पट्टी उभी काढलीत तर कुशनवर फुलं आडवी झोपतील. कापण्याआधी एकदा नक्षी कुठे बघतेय ते बघाच.

आणि कापड आधी धुवायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. पाच टक्के आटलं तर १५ इंचांतले पाऊण इंच गेले! अभ्रा ज्या पाण्यात धुणार त्याच पाण्यात कापड धुवा. गरम पाण्यात धुणार असाल तर आत्ताही गरम. थोडं दमट असतानाच इस्त्री करा.

[जवळून. कापडाची कड आणि सुईचं टोक.]

आता सरळ कापायचं कसं, ते जरा जवळून बघा. दुकानातून आलेल्या कापडाची कापलेली कड बहुतेक वेळा तिरपी असते. काठाशी एक छोटी चीर द्या, सुईच्या टोकाने एकच आडवा धागा उचला आणि हळूहळू ओढा. कापडावर चुण्या पडत जातात आणि धागा निघाला तिथे एक बारीक रेघ उमटते. दिसली? धागा मध्येच तुटला तर रेघेवर तिथपर्यंत कापा आणि पुन्हा टोक पकडा. या रेघेवर कापलेलं कापड आडव्या धाग्यात तंतोतंत सरळ असतं. धाग्याला तिरपं, म्हणजे उरेब कापलं तर पट्टी आत्ता सरळ दिसेल, पण धुतल्यावर अभ्रा पिळवटेल. मग कितीही इस्त्री करा.

पट्टी तयार झाली. आता आखूड टोकांच्या दुमडी. आधी अर्धा इंच दुमडा, इस्त्री. मग एक इंच, पुन्हा इस्त्री. टाचण्या लावून थेट टीप मारली तर चालणार नाही का? चालेल, पण दुमड नागमोडी येईल आणि नेमकी हीच कड अभ्र्याच्या मागच्या बाजूला उघडी दिसते. दुमडीच्या आतल्या कडेपासून एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंच सोडून टीप मारा. पट्टी आता ३४ इंचांची झाली पाहिजे. मोजा. सव्वाचौतीस भरली तर काही बिघडत नाही, मागचा भाग एकावर एक पाव इंच जास्त येईल, एवढंच.

तुमच्याकडे ३६ इंच पन्ह्याचं कापड असेल तर ते टाकू नका. दोन्ही टोकांना मूळ काठ येऊ द्या. काठाचे धागे सुटत नाहीत, म्हणून तिथे एकेरी एक इंचाची दुमड पुरते. ३६ वजा २, झाले ३४. धुतल्यावर पन्हा थोडा कमी भरला तर मागचा ४ इंचाचा भाग ३ होईल. छोट्या कुशनला तेवढा पुरतो.

[वरून. पट्टी आडवी पसरलेली.]

घडी घालू. सुलट बाजू वर. दोन्ही टोकांपासून साडेनऊ इंचांवर खडूने खूण करा. मधे १५ इंच उरले पाहिजेत. डावं टोक खुणेवर आत दुमडा, मग उजवं. मधे चार इंच एकावर एक आलं. अभ्रा सुलटा केल्यावर जे टोक आधी दुमडलं ते बाहेर दिसतं. कुठली दुमड नीट आली आहे ते बघून क्रम ठरवा. वाकडी आत लपते!

वरच्या आणि खालच्या कडेला टाचण्या लावा, टाचण्या शिलाईला आडव्या. टाचणीवरून शिवू नका, सुई टाचणीला लागली तर मोडते. फूट टाचणीपाशी आला की ती काढून घ्या.

मशीन लावून घेऊ. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, पातळ मलमलला ११, कॅनव्हास किंवा जीन्सला १६. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर. आधी चिंधीवर दोन इंच शिवून बघा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे झुबके येत असतील तर बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं रीळ, उपसत बसू नका. ते झुबके वरच्या दोऱ्याचे असतात. फूट खाली असताना दोरा ओवला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतच नाही. फूट वर करा, वरचा दोरा पहिल्यापासून ओवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. टाके सुटायला लागले, सुई कापडात शिरताना टकटक आवाज आला, तर सुई बोथट झाली. बदला.

आता अर्ध्या इंचावर टीप, सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलटे मारून. मधे जिथे दुमडीच्या कडा येतात तिथे कापडाचे पाच थर जमतात. फूट त्या चढावर पुढून वर उचलला जातो आणि टाके बारीक होतात. फुटाच्या मागच्या बाजूला, तेवढ्याच जाडीची घडी घातलेली चिंधी सरकवा. फूट सपाट झाला की मशीन विनातक्रार पुढे जातं. हे चार-पाच टाके हाताने चाक फिरवून घ्या. आणि हीच जागा दुहेरी शिवा. कुशन आत-बाहेर करताना सगळा ताण इथेच येतो, अभ्रा उसवतो तोही इथूनच.

कडेचे धागे सुटू नयेत म्हणून झिगझॅग किंवा ओव्हरलॉक करा. दोन्ही नसेल तर अर्ध्या इंचाच्या टिपेऐवजी फ्रेंच शिलाई घाला, तिच्यात कडा शिलाईच्या आत बंद होतात. आधी उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर टीप. माया एक सूत ठेवून कापा, अभ्रा उलटा करून इस्त्री, आणि पुन्हा पाव इंचावर टीप. पाव आणि पाव अर्धाच इंच होतो, त्यामुळे माप तेच राहतं. दुमडीपाशी मात्र थर दुप्पट होतात. जाड कापडाला हा प्रकार नको.

मशीनच नसेल? मग हाताने उलट टीप घाला: पुढे निघायचं, अर्धा टाका मागे यायचं. नुसता धावदोरा घातला तर एका जागी दोरा तुटला की सगळी शिलाई सरकत जाते.

कोपऱ्यातली जादा माया तिरपी कापा, टिपेपासून निदान एक सूत सोडून. सुलटा करा. कोपरा आतून ढकलायला कात्रीचं टोक वापरू नका, भोक पडतं. बोथट पेन्सिल पुरे.

पिशवीकडे वळू. जुनी जाड चादर, कॅनव्हास, वापरून मऊ झालेली जीन्स, काहीही चालेल. १६ इंच रुंद आणि १७ इंच उंच असे दोन तुकडे. बंदांसाठी ४ बाय २२ इंचाच्या दोन पट्ट्या, मात्र उभ्या धाग्यात. आडव्या धाग्यातल्या पट्ट्या ओझ्याने जास्त ताणल्या जातात, उरेब काढल्यात तर विचारूच नका. टाका इथे तीन मिलिमीटर.

तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा. दोन्ही बाजू आणि खालची कड अर्ध्या इंचावर शिवा, कडा झिगझॅग करा. ही झाली चपटी पिशवी. आता तळ.

[जवळून. पिशवीचा एक कोपरा.]

कोपरा दोन बोटांत धरा आणि असा चपटा करा की बाजूची शिलाई खालच्या शिलाईवर बरोबर येईल. त्रिकोण तयार झाला. वरच्या शिलाईत टाचणी खुपसा. ती खालच्या शिलाईतूनच बाहेर आली तर जुळणी बरोबर. आता त्रिकोणाच्या टोकापासून २ इंच मोजा आणि तिथे काटकोनात आडवी रेघ मारा. ही रेघ आपोआप ४ इंच भरते, कारण टोकापासूनच्या अंतराच्या ती दुप्पट असते. रेघ जेवढी, तेवढा तळ रुंद. ३ इंचांचा तळ हवा असेल तर दीड इंचावर रेघ. फक्त मोजायचं ते शिलाईच्या टोकापासून, कापडाच्या टोकापासून नाही. नाहीतर माया मापात धरली जाते आणि तळ अरुंद होतो. रेघेवर दोनदा टीप, मग पलीकडचा त्रिकोण अर्धा इंच सोडून कापा. दुसरा कोपराही तसाच. तळ ११ बाय ४ झाला.

बंदाची पट्टी मधोमध दुमडून इस्त्री, उघडा, दोन्ही कडा मधल्या रेघेला आणा, पुन्हा दुमडा. एक इंच रुंद, चार थर. दोन्ही कडांना एकेक टीप.

पिशवीच्या तोंडाला आधी अर्धा इंच, मग दीड इंच दुमड. बंदाची टोकं या दुमडीखाली इंचभर आत सरकवायची, दोन टोकांमध्ये पाच इंच अंतर, दोन्हीकडे मध्यापासून सारखं. इथे थांबा आणि बंदाला पीळ नाही ना ते हात फिरवून बघा. ही चूक फार होते आणि टाचणी लावलेली असताना दिसतही नाही. दुमडीच्या खालच्या कडेने पूर्ण गोल टीप मारा. मग बंद वर वळवून दुमडीवरच इंचभराचा चौकोन शिवा, त्यात फुलीही मारा. नुसती एक आडवी टीप घातलीत तर ओझ्याने तिथलं कापडच फाटतं. चौकोनाने ताण वाटला जातो.

आता पॅड, झटपट. ८ बाय ८ इंचाचे दोन सुती तुकडे आणि आत जुन्या सुती टॉवेलचे तीन थर. पॉलिस्टरचं फायबर किंवा पॉलिस्टर मिसळलेलं कापड इथे अजिबात नको, गरम भांड्याला लागून ते वितळतं. दोराही सुतीच घ्या. सुलट बाजू आत, टॉवेल वर ठेवून चारी बाजूंनी शिवा. एका बाजूच्या मधोमध तीन इंच उघडं ठेवा, कोपऱ्यात नको, तिथे आकार नीट बसत नाही. सुलटं करा, इस्त्री करा, कडेने एक टीप फिरवली की उघडी जागाही मिटते. मधे फुलीची टीप मारा, म्हणजे धुतल्यावर टॉवेल गोळा होणार नाही. आणि ओल्या पॅडने गरम भांडं धरू नका. पाण्यातून उष्णता चटकन हातापर्यंत येते, आणि पॅड हातात असूनही चटका बसतो.