पाठीवरची दारं

मंडळी, टेबलावर दोन गाड्या ठेवल्यात. खरं म्हणजे गाडी एकच आहे, निसानची फेअरलेडी झेड, काळ्या-पांढऱ्या पोलिसी रंगातली. डावीकडची १९८४ची, तळहातावर मावणारी. उजवीकडची २०१३ची, जरा मोठी आणि बरीच महाग. दोन्ही उलगडल्या की प्राउल नावाचा रोबो होतो. आज मला ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्टूनबद्दल किंवा सिनेमांबद्दल बोलायचं नाहीये. ही खेळणी जमवणारी माणसं या एका गाडीवरून काय काय भांडतात, ते सांगायचंय. हे भांडण मी वीस वर्षं ऐकतोय आणि त्यात थोडंफार तेलही ओतलंय.

आधी गाडीविषयी. आपल्याकडे डॅटसन म्हटलं की २०१४ साली आलेली ती छोटी, स्वस्तातली ‘गो’ आठवते. पण सत्तरीच्या शेवटी निसान डॅटसन याच नावाने परदेशात एक देखणी स्पोर्ट्‌स कार विकत होती. लांबलचक बॉनेट, मागे उतरत जाणारा टप. अमेरिकेत ती २८०झेडएक्स, जपानात फेअरलेडी झेड. हे लांब बॉनेट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ताकारा या जपानी कंपनीची डायाक्लोन नावाची खेळण्यांची मालिका होती, १९८०पासूनची. तिच्यात पुढे ‘कार रोबो’ आले. बाहेरून खऱ्या मॉडेलची गाडी, आतून रोबो. पण तो रोबो जिवंत नव्हता, ते एक यंत्र होतं. ते चालवायला इंचभर उंचीचा चालक मिळायचा आणि त्याच्या पायांत लोहचुंबक असायचं. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने हे साचे उचलले, ताकाराच्याच मायक्रोमन मालिकेतले आणखी काही घेतले आणि १९८४मध्ये सगळ्यांना मिळून ट्रान्सफॉर्मर्स म्हणून बाजारात आणलं. गोष्ट बदलली. आता रोबो स्वतःच जिवंत होते, परग्रहावरून आलेले. मार्वल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्कीने बहुतेकांना नावं आणि स्वभाव दिले. पोलिसाची गाडी म्हणून हा प्राउल झाला, शिस्तीचा, डोकं शांत ठेवणारा. जिवंत गाडीला चालक कशाला? चालक गेला, पण साचा जुनाच होता, त्यामुळे त्याची जागा आत तशीच राहिली. माझ्या ओळखीचा एक संग्राहक नव्या माणसाला पहिल्यांदा तीच दाखवतो. “ही बघ,” म्हणतो, “भाडेकरू गेला, खोली रिकामी.”

आता मी डावीकडची उलगडतो. पुढच्या ओळीतल्यांनी नीट बघा. गाडीचा मागचा अर्धा भाग धरून ओढला, खाली आणला. हे पाय. बॉनेट जागच्या जागी राहिलं, फक्त आता ते छाती झालंय, दिवे आणि बंपर समोर काढून. डोकं वर आलं. टप पाठीवर गेला. हात बाजूला. आणि ही दारं. दारं उघडी राहिली, खांद्यांमागे, पंखांसारखी.

इथे सगळी मेख आहे. रोबोला दारांचा काहीही उपयोग नाही. छातीला बॉनेट चालतं, पायांना डिकीचा भाग चालतो, पण दारं ठेवायची कुठे? या खेळण्यांत प्लॅस्टिक मोजकंच असतं आणि ते कुठे नाहीसं करता येत नाही. गाडीचं जे रोबोच्या अंगात मुरत नाही, ते कुठेतरी लोंबकळत राहतं. संग्राहक त्याला ‘किबल’ म्हणतात. मी त्याला दप्तर म्हणतो, कारण बहुतेक वेळा ते पाठीवरच असतं. किबल हा शब्द शिवीसारखाच वापरला जातो. “रोबो छान आहे रे, पण किबल बघ,” म्हटलं की समजायचं, याने विकायला काढलाय.

आणि तरी प्राउलची दारं कुणालाही काढून नको आहेत! गंमत बघा. साच्याची अडचण म्हणून जे मागे उरलं, ते कार्टूनच्या चित्रकारांनी तसंच काढलं. मुलांनी ते पंख म्हणून पाहिलं आणि आता चाळीस वर्षांनी कुणी प्राउल काढला आणि दारं जरा खाली आली, आखूड झाली, नीट कोनात उभी राहिली नाहीत, की बोंबाबोंब होते. दारांच्या पंखांवर लोकांनी फोटो मोठे करून करून जी मापं काढलीत, तेवढी पत्रिका जुळवतानाही काढत नसतील.

आता उजवीकडची गाडी. ताकाराने ‘मास्टरपीस’ नावाची मालिका २००३मध्ये काढली, मोठ्यांसाठी. पहिला आला ऑप्टिमस प्राइम, या रोबोंचा म्होरक्या, अवाढव्य आणि वजनदार. त्याच्या मापात बाकीच्या गाड्या काढायच्या तर घर विकावं लागलं असतं. २०११मध्ये त्यांनी नवा प्राइम काढला तो लहान, आणि त्याच मापात बाकीचे आणायचं धोरण ठेवलं. २०१२मध्ये लँबोर्गिनी काउंटॅश आली, २०१३मध्ये हा प्राउल, मालिकेतला क्रमांक एमपी-१७. निसानचा रीतसर परवाना घेतलेला. परवान्याला फार महत्त्व आहे. खरी कंपनी नाव देते तेव्हा गाडी गाडीसारखीच दिसावी लागते. तिथे रोबोच्या सोयीसाठी टप फुगवता येत नाही की चाकं सरकवता येत नाहीत.

म्हणून मला विचाराल तर २०१२ ते २०१४ हा या मालिकेचा सगळ्यात चांगला काळ. तेव्हाच्या गाड्या आधी गाड्या होत्या. या प्राउलचा गुडघा वाकतो, कोपर वाकतं, १९८४च्याचं यातलं काहीही होत नाही. तरी हा गाडी करून कपाटात ठेवला तर पाहुण्याला मॉडेल कारच वाटते.

माझ्याशी निम्मे लोक सहमत नाहीत, आणि त्यांचंही ऐकायला हवं. ते म्हणतात, आम्ही लहानपणी खेळणं घेतलं ते कार्टून बघून. कपाटात आम्हाला कार्टूनमधला माणूस हवा, गाडी ही त्याची एक युक्ती. कंपनीनेही पुढे त्यांचंच ऐकलं. २०१९मध्ये नवा प्राइम आला, नवा बंबलबी आला, दोन्ही कार्टूनच्या चित्राला चिकटून. हा बंबलबी म्हणजे भांडणाची खाणच निघाला. बंबलबी मूळचा फोक्सवॅगन बीटल. कार्टूनमध्ये तो उभा राहिला की बीटलचा बराचसा भाग कुठे जातो कुणास ठाऊक, चित्रात तो फक्त नाहीसा होतो. कागदावर नाहीसं करता येतं हो! खेळण्यात तो भाग घडी करून पाठीवर टाकावा लागला. समोरून बघावं तर हुबेहूब कार्टून, बाजूने बघावं तर पहिलीतलं पोर आणि सहावीचं दप्तर. एक गट म्हणाला, समोरूनच बघा की. दुसरा म्हणाला, मग फोटोच लावा भिंतीवर, खेळणं कशाला?

प्राउलला हा त्रास नाही, कारण त्याची उणीव कार्टूनने आधीच स्वीकारलेली होती. आणि ते लांब बॉनेट. छातीला लागणारा पत्रा त्या गाडीतच होता.

रंगांचा वाद थोडक्यात सांगतो, नाहीतर आपण इथेच रात्र काढू. याच साच्यातून आणखी दोघं निघाले, ब्लूस्ट्रीक आणि स्मोकस्क्रीन. एकाच ठाणाचं कापड, तीन सदरे. स्मोकस्क्रीन शर्यतीच्या रंगात, दारावर ३८ आकडा. ब्लूस्ट्रीकचं नाव निळं आणि दुकानात मिळाला तो चंदेरी! हॅस्ब्रोच्या कॅटलॉगात मात्र निळा छापलेला. त्यावरून “आमच्या गल्लीतल्या पोराकडे निळाच होता” असं शपथेवर सांगणारे अमेरिकन संग्राहक आजही भेटतात. शेवटी मास्टरपीसमध्ये निळाही निघाला. ज्यांनी चंदेरी आधीच घेतला होता, त्यांनी तोही घेतला. याला व्यापार म्हणतात.

आता पांढऱ्या रंगाकडे येतो, कारण प्राउलची खरी दुखरी जागा ती आहे. पांढरं प्लॅस्टिक उन्हाने आणि वयाने पिवळं पडतं. कधी दार पिवळं आणि बॉनेट पांढरं, म्हणजे दोन गाड्या जोडल्यासारखं. काही संग्राहक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून, त्यावर अतिनील प्रकाश पाडून ते पुन्हा पांढरं करतात. काहींना हे मूर्तीला रंग फासण्यासारखं वाटतं. ते म्हणतात, चाळीस वर्षांचा पोलीस आहे, केस पिकणारच. शिवाय पांढरं केलेलं पुन्हा पिवळं पडू शकतं, हाही अनुभव आहे.

मी दोन्ही पंथांत राहून आलोय. माझा पहिला जुना प्राउल मला ‘किंचित पिवळसर’ म्हणून विकला गेला. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. खोक्यातून निघाला तो सायीच्या रंगाचा. मे महिना होता. मी पार्लरमध्ये केसांना लावतात ते पेरॉक्साइडचं क्रीम आणलं, दारांना फासलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गच्चीवर ठेवलं आणि खाली येऊन झोपलो. चार तास. आपल्या मेच्या उन्हात, चार तास! दारावरचे स्टिकर सुटून पिशवीला चिकटले होते आणि क्रीम जिथे जाड होतं तिथे ढगांसारखे पांढरे डाग. आईने विचारलं, “हे मुद्दाम केलंस का रे?” तीच दारं या डावीकडच्या गाडीला आहेत. डाग लांबून दिसत नाहीत, जवळ आलात की दिसतील.

इथल्या संग्राहकांचं एक वेगळं दुखणं आहे, ते पैशांचं. परदेशातून आलेल्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७०. त्यात २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती. जपानी कंपनी आपल्या चार लोकांसाठी ते चिन्ह कशाला घेईल? त्यामुळे आपल्याकडच्या गप्पांत दारांचा कोन कमी आणि ‘दुबईहून कोण येतंय’ जास्त असतं. नकली माल, ज्याला सगळे ‘केओ’ म्हणतात, त्याबद्दलही म्हणून आपण परदेशातल्यांपेक्षा मवाळ आहोत. तिकडे केओ घेतला तर लोक तोंड फिरवतात. इकडे विचारतात, जॉइंट घट्ट आहेत का?

बोलणं पुरे. ज्यांना हाताळायचंय त्यांनी रांगेत या. डावीकडची कुणीही घ्या, तिचं जे व्हायचं ते झालंय. उजवीकडची गाडी करायची असेल तर जोर लावू नका, आणि अडली तर थांबा, मला हाक मारा. दाराची बिजागरी काडेपेटीतल्या काडीइतकी आहे. लहान मुलांनी अवश्य या. मोठ्यांनी आधी हात पुसून घ्या, वड्याचं तेल पांढऱ्यावर लगेच दिसतं.