वहीवाला माणूस

नमस्कार. संयोजकांनी मला 'स्थलांतरित मुलं आणि शिक्षक यांच्यातला विश्वास' असा विषय दिलाय. विषय भारदस्त आहे, मी मात्र दोनशिक्षकी शाळांतला माणूस. नोकरीची पहिली अकरा वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या शिवारातल्या एका जिल्हा परिषद शाळेत काढली. मग आंतरजिल्हा बदलीनं माझ्या बीड जिल्ह्यात परत आलो. म्हणजे आधी दिवाळीनंतर ऊसतोडीची लेकरं येताना बघितली, आणि नंतर दिवाळीच्या तोंडावर तशीच लेकरं जाताना बघितली.

पहिल्या हंगामाची गोष्ट. ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर गेलो. हातात रजिस्टर, खिशाला पेन. सात मुलांची नावं लिहून आणली. दुसऱ्या दिवशी पाच आली. हजेरीत एक नाव पुकारतोय, तर कुणी ओ देईना. आणि ज्यानं ते नाव सांगितलं होतं, तो दुसऱ्या ओळीत बसून माझ्याकडंच बघतोय! महिनाभरानं त्याच्या बहिणीकडून कळलं, याचं नाव वेगळंच आहे. मला राग आला. सगळ्या वर्गासमोर विचारलं, खोटं कामून बोललास? पोरगं चार दिवस शाळेत आलं नाही.

त्याच्या आईनं उलगडा केला. वही घेऊन कुणी आलं की नाव सांगायचं नाही, असं टोळी आणणाऱ्या मुकादमानं बजावलेलं. कधी बालमजुरीची तपासणी येते, कधी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण. टोळीला त्यात काय फरक? नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अंगावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, ते फिटेपर्यंत उसाचा फड सुटत नाही. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करायला, धाकटं सांभाळायला मोठं लेकरू लागतं. उद्या चौकशी झाली तर? त्या आठ वर्षांच्या पोरानं माझ्याशी खोटेपणा केला नव्हता, घर राखलं होतं. त्याच्या लेखी मी शिक्षक नव्हतोच. वहीवाला माणूस होतो.

पुढं रजिस्टर शाळेत ठेवून जायला लागलो. तेही अंधार पडल्यावर. टोळी पहाटे अंधारात फडावर जाते, आपण दहा ते पाचवाले. त्यांची आपली गाठ पडणार कधी? पालक शाळेत येत नाहीत अशी तक्रार आपण करतो, पण कोपीत चूल पेटल्यावर आपण किती जण गेलो, ते मनातल्या मनात मोजा. मी सांगत नाही.

माझा एक फायदा होता, तो कबूल करतो. माझी बोली त्यांचीच. 'तुम्ही कुठले?' 'शिरूर कासारचे.' 'मी पाटोद्याचा.' एवढ्यावर चहा आला. कोल्हापूरकडची पोरं त्यांच्या बोलण्याला हसायची. नवीन असताना माझ्याही बोलण्याला हसलीच होती. मग मी वर्गात मुद्दाम आपल्या वळणानं बोलू लागलो. पण बंजारा तांड्यावरची मुलं आली तेव्हा हा फायदा संपला. त्यांच्या घरात गोरमाटी बोली. आई म्हणजे याडी, भाकर म्हणजे बाटी, असे वीसपंचवीस शब्द त्यांच्याकडूनच शिकलो. उच्चार चुकला की पोरं पोट धरून हसायची. गुरुजी चुकतो आणि कुणी छडी काढत नाही, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असावं.

एक मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन यायची. तो रडायचा, वर्ग बिघडायचा. मी म्हटलं, उद्यापासून त्याला आणू नकोस. दुसऱ्या दिवसापासून तीच आली नाही. एवढं साधं गणित मला सुचलं नव्हतं. पुढच्या हंगामात वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी टाकली, बस्स.

आता आपल्या घरातलं बोलू. बसायला बाक दिला म्हणजे झालं, असं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी पत्रक द्यावं, तिकडच्या शाळेनं ते बघून मुलाला बसवून घ्यावं, अशी सोयही आहे. मग अडतं कुठं? मी दोन्ही खुर्च्यांवर बसलोय म्हणून सांगतो. बीडच्या गुरुजींना भीती, मूल गेलेलं दाखवलं तर पट घटेल आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद जाईल. कोल्हापूरच्या गुरुजींना वाटतं, चार महिन्यांचं पाहुणं, मार्चला पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की जाणार, कशाला वर्गाची प्रगती खाली ओढायची? एक सोडत नाही, दुसरा घेत नाही. आणि आपण म्हणतो, या मुलांचा शाळेवर विश्वास नाही. अहो, या दोन गुरुजींचा तरी एकमेकांवर कुठं आहे? मी स्वतः बीडला आल्यावर पहिली दोन वर्षं पट राखायला गेलेल्या मुलांची हजेरी लावली. हे व्यासपीठावरून सांगायला लाज वाटते, पण खोटं नाव सांगितलं म्हणून त्या पोराला रागावणारा मीच.

तिसऱ्या वर्षी हमी पत्रकं वेळेवर भरली. दिवाळीच्या सुट्टीआधी जाणाऱ्या मुलांना म्हटलं, तुमची वही इथंच ठेवा, मी सांभाळतो. आलात की पुढच्या पानापासून सुरू. तिकडं लिहायला दुसरी वही देतो. शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्याशेजारी त्या वह्या ठेवल्या. एक मुलगा जाताना दोनदा परत आला, कपाटाला कुलूप लावलंय का बघायला. दुसऱ्यांदा तर त्यानं ते ओढूनही पाहिलं.

त्या वर्षी नऊ वह्या होत्या. जूनपर्यंत सहा नेल्या. उरलेल्या तिघांची बिऱ्हाडं कुठं गेली, गावात कुणाला नीट सांगता येईना. निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणं सतरंज्या, घंटा, वजनकाटा सगळं मोजून दिलं, सह्या झाल्या. त्या तीन वह्या मात्र नव्या बाईंच्या हातात वेगळ्या दिल्या आणि कुठलं पान कुठवर आलंय ते दाखवलं.