उंडा, काडेपेटी आणि कोरोचा गोल

[फोंडा. चहाचं दुकान. कॅमेरा टेबलावर वरून.]

एफसी गोवा या आपल्या फुटबॉल क्लबाचा सगळ्यात गुणी खेळाडू कोण, यावर या टेबलावर वाद चालू आहे. साखरेची बरणी म्हणजे समोरच्या संघाचा सेंटर बॅक, मधला बचावपटू. काडेपेटी म्हणजे कोरो. आणि हा अर्धा खाल्लेला उंडा, गोव्याचा गोल पाव, म्हणजे ब्रँडन फर्नांडिस.

मामांचं बोट बघा. उंड्यापाशी क्षणभर थांबतं, चेंडू पायात घेऊन कुणी मान वर करून पाहावं तसं. मग दोन कपांच्या फटीतून सरळ पुढे जातं आणि त्याच वेळी काडेपेटी बरणीच्या पाठीमागून सुटते. गोल. थोडा चहा बशीत सांडतो. तिकडे कुणाचंच लक्ष नाही.

कोरो म्हणजे फेरान कोरोमिनास. एफसी गोवाकडून इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) 57 सामने आणि 48 गोल. 2017-18 आणि 2018-19, लागोपाठ दोन हंगाम सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट त्याचाच. गुणी कोण, हा वाद निघाला की भाचा हेच आकडे पुढे करतो. मामा आकडे नाकारत नाहीत. ते काडेपेटी उचलतात, परत बरणीमागे ठेवतात आणि बोट पुन्हा उंड्यावर नेतात. गोल तुम्ही सगळ्यांनी पाहिला, पास कुणी पाहिला, एवढंच त्यांचं म्हणणं.

हे टेबल आम्ही तीन संध्याकाळी चित्रित केलं. काडेपेटी कधी कोरो होती, कधी नोआ सदाउई. बरणीवर तर कितीतरी संघांची नावं बसून गेली. उंडा मात्र तिन्ही दिवस ब्रँडनच.

ब्रँडन मडगावचा. 2017 साली एफसी गोवात आला, 2024 मध्ये मुंबई सिटीकडे गेला. मधली सात वर्षं कॉर्नर असो, फ्री किक असो, चेंडू ठेवायला तोच पुढे. फातोर्ड्याला, मडगावच्या मैदानावर, अशा वेळी स्टँडमध्ये एक विशिष्ट शांतता व्हायची, असं मामा सांगतात. सांगताना त्यांचा हात हवेतच थांबतो. तो शॉट आम्ही कापलेला नाही.

[जुन्या जर्सी, दोरीवर वाळत घातलेल्या. नारिंगी.]

2019-20 चा हंगाम या मंडळींना तोंडपाठ आहे. 18 साखळी सामन्यांत 46 गोल. तालिकेत पहिला क्रमांक, लीग शील्ड, आणि त्या जोरावर 2021 मध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब. त्या हंगामात ह्युगो बूमूसने 11 गोल केले आणि 10 करवून दिले. शुद्ध गुणवत्ता बघायची तर बूमूसच, असं म्हणणारा एक जण या टेबलावर आहे. तो कमी बोलतो, पण हरत नाही.

आणि मंदार राव देसाई. हे नाव निघालं की खुर्च्या जवळ सरकतात. धेंपो या गोव्याच्या जुन्या क्लबात घडलेला हा मुलगा 2014 मध्ये, पहिल्याच हंगामापासून, एफसी गोवात होता. मूळचा विंगर. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी त्याला मागे, लेफ्ट बॅकला आणलं. जागा बदलली म्हणून तो रुसला नाही, तिथून खेळत पुढे कप्तान झाला. अशा खेळाडूला गुणी म्हणायचं की मेहनती? भाचा मेहनती म्हणतो. मला विचाराल तर दोन वेगळ्या जागा आपल्याशा करून घेणं, हा फार मोठा गुण आहे. गोव्याने असे खेळाडू खूप दिले आणि त्यांची मोजदाद फार कमी केली.

[आजोबांचं पाकीट. घडीवर फाटलेलं वर्तमानपत्राचं कात्रण.]

कात्रणातला गोलरक्षक ताळगावचा आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकर क्लबाचा आणि भारताचा गोलरक्षक, पुढे अर्जुन पुरस्काराचा मानकरी. 1984 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली गोव्याने संतोष ट्रॉफी, राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, एकही गोल न खाता. आजोबा कात्रण कुणाच्या हातात देत नाहीत, टेबलावर ठेवून बोटाने दाखवतात.

त्यांच्या मते वाद इथेच संपायला हवा. मामा मग धेंपोवर येतात. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. नॅशनल लीग आणि आय-लीग धरून पाच वेळा देशाचं विजेतेपद. 2008 मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी. पुढे रांती मार्टिन्सचे 2011-12 च्या हंगामात 32 गोल. ही यादी म्हणताना मामा कपाकडेही पाहत नाहीत. चहावर साय धरलेली दिसते आहे.

2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो, गोव्याचे तिन्ही क्लब, आय-लीगमधून बाहेर पडले. पोरं विखुरली.

[पहाट. कापणी झालेला मळा. धुकं.]

हा मळा फोंडा तालुक्यातल्या एका गावाचा. भात कापून झालंय. जमीन अजून आतून ओलसर आहे, वरचा थर तेवढा सुकलाय. मुलं आधी विळे घेऊन धसकटं तासतात, कारण खेळायचं अनवाणी. मग दोन बाजूंना बांबू पुरतात. आडवा बांबू नाही, सुतळी ताणलेली आहे. चेंडू सुतळीच्या वरून गेला की खालून, यावर रोज एक भांडण ठरलेलं.

मधोमध बांध होता. तो पुरता सपाट झालेला नाही, त्यामुळे तिथे चेंडू उडतो. आता या निळ्या बनियनवाल्या मुलाकडे लक्ष ठेवा. चेंडू बांधावर पोचायच्या आधीच त्याचं पाऊल अर्धं वळलेलं आहे. चेंडू उसळतो, मांडीवर बसतो, खाली येतो तो थेट उजव्या पायात. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. या बांधावर रोज पडून, रोज उठून ते आलेलं आहे. आम्ही हा शॉट संथ गतीने दोनदा दाखवतो आहोत.

मामांचा उंडा मला इथे दिसतो. चेंडू येण्याआधी तो कुठे येणार हे कळणं, मान वर ठेवणं, अरुंद जागेतून पास काढणं, हे सगळं अशा जमिनीवर येतं. पावसाळ्यात भात, मग कोरडे चार-पाच महिने फुटबॉल. गावोगावी कित्येक पिढ्या अशाच खेळल्या. मोठ्या मैदानाची, दिव्यांची, बुटांची वाट कुणी पाहिली नाही.

पलीकडे लाल मातीचे ढीग दिसतात, तो शेजारचा मळा. तिथे भराव पडला.

[टीव्हीवरच्या जुन्या गुणतालिका. पटापट.]

अलीकडच्या कामगिरीचं म्हणाल तर 2024-25 ची आयएसएल साखळी एफसी गोवाने दुसऱ्या क्रमांकावर संपवली. उपांत्य फेरीत बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने फातोर्ड्यावर इंज्युरी टाइममध्ये डोक्याने गोल मारला आणि हंगाम तिथेच थांबला. महिनाभरात भुवनेश्वरला जमशेदपूरला 3-0 ने हरवून सुपर कप आणला. ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धेत ओमानच्या अल सीबवर 2-1 ने मात. मग आशियातले मोठे संघ आले आणि पराभव सुरू झाले. कप जिंकणारा संघ लीग का जिंकत नाही, हे टेबल त्यावर तासभर बोललं. ते सगळं इथे घेता आलं नाही.

22 ऑक्टोबर 2025 चं मात्र घ्यायलाच हवं. फातोर्डा, समोर सौदीचा अल नासर. रोनाल्डो आला नव्हता, तरी मडगावचे रस्ते भरले होते. आपण 2-0 ने मागे. मध्यंतराच्या थोडं आधी ब्रायसन फर्नांडिसने गोल केला. गोव्याचा मुलगा. सामना 2-1 ने गेला. भाच्याच्या मोबाइलमध्ये त्या रात्रीचा पराभव नाही, गोलानंतरचा स्टँड आहे.

[7 डिसेंबर 2025. रात्र. दुकानातला टीव्ही, त्याच्या उजेडात चेहरे.]

सुपर कपचा अंतिम सामना, फातोर्डा. भाचा बोरीचा पूल ओलांडून दुपारीच गेला. मामांचा गुडघा दुखतो, ते इथे बसले. समोर ईस्ट बंगाल. 120 मिनिटं, 0-0. नवी लीग कधी सुरू होणार, हे तेव्हा खेळाडूंनाही माहीत नव्हतं.

[पेनल्टी. निवेदन नाही. टीव्हीचा आवाज आणि मामांचे हात.]

6-5. लागोपाठ दुसरा सुपर कप, एकूण तिसरा.

[दुसऱ्या दिवशी. तेच टेबल.]

भाच्याचा घसा बसला आहे. 'फोर्सा गोवा' ही घोषणा द्यायलाही आवाज उरलेला नाही, त्यामुळे आज तो हातांनी बोलतो. बरणी मधोमध ठेवतो, काडेपेटी बाजूला सारतो आणि बशीतला नवा, अख्खा उंडा उचलून पुढे मांडतो. हा ब्रायसन. मामा उंड्याकडे बघतात, मग त्याला दोन बोटं मागे ओढतात. भाचा परत पुढे सरकवतो.