कोपऱ्यातून डोकावणारा

श्रोतेहो, नमस्कार.

परवा सकाळी पोह्यांवर शेव पडत होती, तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. "अरे, तो पुन्हा आलाय." तो कोण, ते मला ठाऊक होतं. पोहे झाकून ठेवले आणि गेलो. आपल्या इंदुरात पोहे झाकून ठेवणं म्हणजे केवढा त्याग, ते तुम्हाला सांगायला नको!

काकूंच्या कॉम्प्युटरवर खाली उजवीकडे, घड्याळाच्या डोक्यावर, दर दोन मिनिटांनी एक चौकोन वर सरकायचा. 'पाच व्हायरस सापडले, आत्ता साफ करा.' सोबत लाल त्रिकोण. काकूंनी वैतागून त्या कोपऱ्यावर जुन्या कॅलेंडरचं पान दुमडून चिकटवलं होतं. जेल रोडवर एका दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, "फॉरमॅट मारावं लागेल." म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरुवात. आणि त्यात पुण्याच्या नातवाचे सगळे फोटो.

मी विचारलं, "काकू, हे सुरू होण्याआधी काय उघडलं होतंत?" अनारशांची कृती शोधत होत्या. एका साईटवर मध्येच वाक्य आलं, 'तुम्ही रोबोट नसाल तर अलाऊ दाबा.' काकू म्हणाल्या, "मी काय रोबोट आहे? दाबलं."

तिथेच सगळं झालं. अलाऊ दाबणं म्हणजे त्या साईटला सूचना पाठवायची परवानगी देणं. मग ती साईट बंद केली तरी ब्राउझर, म्हणजे क्रोमसारखा साईट दाखवणारा प्रोग्राम, तिचे निरोप आणून कोपऱ्यात दाखवत राहतो, आणि जागा विंडोजच्या सूचनांचीच असल्यामुळे निरोप खुद्द कॉम्प्युटरनेच दिलाय असं वाटतं. नीट बघा, त्या चौकोनात बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि साईटचा पत्ता असतो. चोर आपलं नाव लिहून येतो, आपणच वाचत नाही. म्हणजे व्हायरस सापडलेले नसतात, कुणी काही तपासलेलंही नसतं. पण त्या चौकोनावर क्लिक करून काही उतरवून घेतलंत, तर मात्र खरा रोग घरात येऊ शकतो.

आता परवानगी परत कशी घ्यायची ते सांगतो, कागद-पेन घ्या. क्रोम उघडा. वर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन टिंबं आहेत, ती दाबा. त्यात सेटिंग्ज. मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साईट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साईटची यादी दिसेल. प्रत्येक नावासमोर पुन्हा तीन टिंबं, ती दाबून ब्लॉक करा. काकूंच्या यादीत अकरा नावं होती, त्यातलं एकही त्यांच्या ओळखीचं नव्हतं. याच पानावर, कुठल्याही साईटने सूचनांसाठी विचारूच नये, अशीही सोय आहे. ती चालू करा. अनारशांच्या कृतीला सूचना पाठवायची गरज काय? एक्स्टेन्शन्स म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, त्यांच्या यादीतही तुम्ही स्वतः न घातलेलं काही असेल, तर तेही काढून टाका.

अशा चौकोनापायी फॉरमॅट मारू नका, हे मी ठामपणे सांगतोय, कारण हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे. २००३ साली माझ्याकडे विंडोज एक्सपी होतं आणि टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट. नेट जोडलं की मधोमध राखाडी खिडकी यायची, वर नाव 'मेसेंजर सर्व्हिस'. कधी घरबसल्या पदवीची जाहिरात, कधी चक्क अशा खिडक्या बंद करणारं सॉफ्टवेअर विकायला! मी अख्खा कॉम्प्युटर पुसून नव्याने विंडोज घातलं. मुलीच्या बारशाचे फोटो गेले ते गेलेच. संध्याकाळी नेट जोडलं, तर खिडकी पुन्हा हजर. कारण ती व्हायरसची नव्हतीच. ऑफिसच्या नेटवर्कवर निरोप देण्यासाठीची ती विंडोजचीच सेवा, आणि ती आधीपासून चालू असायची. बाहेरचे लोक त्या उघड्या दारातून जाहिराती ढकलत होते. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ हा सुधारणांचा गठ्ठा आला, त्यात ही सेवा बंद झाली आणि फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी, आपोआप चालू राहू लागला. एवढं आधी कळलं असतं, तर दोन क्लिकचं काम होतं.

याहून वाईट एक प्रकार आहे. अख्खा पडदा भरून इशारा येतो, भोंगा वाजतो, 'कॉम्प्युटर बंद करू नका' अशी धमकी आणि खाली फोन नंबर. तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतोच. एस्केपचं बटण जरा वेळ दाबून धरा, पूर्ण पडदा सुटतो. नाही सुटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर 'रीस्टोर' विचारेल, त्याला नाही म्हणा. आणि कुणी फोनवर गोड बोलून तुमचा पडदा स्वतःच्या हातात घेतलाच असेल, तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर लावा. लाजत बसू नका, पैसे गेले असतील तर जितक्या लवकर कळवाल तितकी ते अडवता येण्याची आशा जास्त.

बाकीचं थोडक्यात. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तुमचं यंत्र ११ झेलत असेल तर तिकडे जा. विंडोजमध्ये व्हायरस अडवणारा डिफेंडर आहेच, तो आणि फायरवॉल चालू आहेत ना तेवढं बघा. रोजच्या वापराचं खातं ॲडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, ठेवू नका. फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि घेऊन झाल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवा. माझ्यासारखं बारसं घालवू नका.

काकूंच्या कोपऱ्यावरचं कॅलेंडरचं पान काढलं, अर्धा तास बसलो, चहा झाला, चौकोन काही आला नाही. घरी येऊन पोहे पाहिले, गार ढोण. काल पुन्हा काकूंचा फोन. "अरे, एक साईट अलाऊ म्हणतेय." मी घाईने म्हणालो, "काकू, ब्लॉक, ब्लॉक दाबा!"

"दाबलं केव्हाच," त्या म्हणाल्या. "विचारायला नाही, सांगायला केलाय फोन. आणि अनारसे झालेत, डबा घेऊन ये."